हुडका

शट्टुप्पा हलगेकर सरांकडून
चारशे रुपये येणं आहे अजून.
बोर्डाचं.
पत्रा माझा, रंग माझा,
शिडी तेवढी शेजारच्या पंक्चरवाल्याची.

खानापुरात तहसीलच्या मागं
बावीस वर्षं मी अक्षरं रंगवतो.
मराठी अक्षर म्हणजे दोरीवर वाळत घातलेली कापडं,
आधी दोरी ताणायची, मग एकेक चिमटा.
कानडी अक्षर भाकरीगत,
हात गोल फिरला नाही की कडेला चिरतंय.
पोटाला दोन्ही लागतात.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे.
रिटायर झाले आणि तहसीलच्या पायरीशी
स्टूल टाकून बसाय लागले,
लोकांचे कागद वाचून दाखवायला.
नंदगडची म्हातारी कानडी नोटीस घेऊन यायची,
कित्तूरकडचा ड्रायव्हर
आजाच्या वेळचं मराठी खरेदीखत.
फी एकच :
तुला येतं ते एक सांग, मग जा.

म्हातारीनं सांगितलं,
फणस पिकलाय हे थापटून कसं कळतं.
ड्रायव्हरनं सांगितलं, चोर्ल्याच्या घाटात धुकं असलं
की काच खाली घ्यायची
आणि कानानं गाडी हाकायची.
एक पोस्टमन नुसताच रडला.
सरांनी तेही वहीत लिहिलं, तारीख घालून.

मी म्हटलं, सर, ह्यानं काय होणार हो?
म्हणाले, गाव शहाणं होतं म्हणजे
सगळे पंडित होतात असं नव्हे रे.
ज्याला ठाऊक आहे त्याचं दार
रात्री दहाला वाजवायला
कुणाला लाज वाटत नाही, एवढंच.
आणि भाषा?
म्हणाले, ती दाराची कडी.
कुठल्या लोहारानं घडवली, ते आत गेल्यावर विचारू.

मग म्हणाले, एक बोर्ड कर. एकच शब्द.
मराठीत हुडका, कानडीत हुडुकी.
पुण्याकडची माणसं शोधतात.
आपण हुडकतो :
किल्ली, चुकलेली म्हैस, पोरीला स्थळ.
आणि भिंतीपलीकडची गंगव्वाही
तेच करते, त्याच शब्दानं,
फक्त शेपूट वेगळं.

वर कुठलं घालू, मी विचारलं.
इथं ह्याच्यावरनं डोकी फुटलीत.
सर दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, शेजारी-शेजारी.
मी म्हटलं, डावीकडचं आधी वाचतात की सर.
तर्कशास्त्राचा माणूस,
पण हसला आणि हात वर केले.
शेवटी मी नाणं उडवलं.
काय पडलं ते सांगणार नाही.

नोव्हेंबरात एका रात्री डांबर फासलं कुणीतरी,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
हे म्हणाले ते, ते म्हणाले हे.
सर सकाळी आले, बोर्डाकडं बघितलं,
मला विचारलं, डांबर कशानं निघतं?
रॉकेलनं, मी म्हटलं.
त्यांनी वही काढली.
म्हणजे माझीही फी घेतली त्यांनी
आणि चारशे तसेच.

संक्रांतीच्या आधी गेले.
वही माझ्याकडं आली. घरात कुणाला नको होती.
शेवटून तिसरं पान : डांबर, रॉकेल.
खाली तेच कानडीत,
आणि एक काना चुकलेला.
बोर्डावर असता तर मी पुसून परत काढला असता.
वहीत राहू दिला.

काल रॉकेलचा डबा घेऊन शिडी लावली,
तर बोर्डाखाली कठड्यावर चढलेली एक पोर,
शाळेचं दप्तर, तोंडात चिंच.
डांबरावर बोट फिरवत होती.
माझा रंग जाड असतो, तीन हात,
काळ्याखाली अक्षर हाताला लागतं.
डोळे मिटून, जीभ दातात धरून
तिनं एक वळण पकडलं,
पुढचं सुटलं, परत पकडलं.
ह, म्हणाली.
तेवढ्यात जांबोटीची बस लागली
आणि ती पळाली.

कुठल्या बाजूचा ह,
ते मी बघितलंच नाही.